चाचणीची चाल

पत्रात ‘चाचणी’ असा शब्द होता, आणि आमच्या घरात त्या शब्दाचा एकच अर्थ होतो.

‘कु. रेवती अभिनंदन मगदूम, वय सहा वर्षे, हिच्या कमरेखालील हालचालींची उपचारपूर्व चाचणी दिनांक १९ रोजी सकाळी दहा वाजता गतिवेध केंद्रात घेण्यात येईल.’ मी मोठ्याने वाचलं. अण्णांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला.

“किती मार्कांची?”

“अण्णा, शाळेतली नाही ही. पायांची आहे.”

“असू दे की पायांची. पण किती मार्कांची?”

मी पान उलटलं. मागे खरंच लिहिलं होतं, गुण शंभरपैकी. अण्णांनी ‘बघ, मी म्हटलं नव्हतं’ अशी मान हलवली आणि कॅलेंडरकडे गेले. “एकवीस दिवस आहेत. भरपूर झाले.”

अण्णा म्हणजे माझे सासरे. तेहतीस वर्षं त्यांनी हायस्कूलला गणित शिकवलं. आजही सांगलीत कुठल्याही ऑफिसात गेलं की एखादा टक्कल पडलेला माणूस त्यांना बघून खुर्चीतून उठतो. सासूबाई गेल्या, निवृत्ती आली, त्यांचा मुलगा, माझा नवरा अभि, आठवड्यातले चार दिवस पुण्याला राहायला लागला. शिकवायला म्हणून घरात एकटी रेवू उरली होती, आणि आता तिची चाचणी होती.

आठवा महिना लागला न लागला तोच रेवू जन्मली. मेंदूकडून पायांकडे जाणाऱ्या तारांच्या जुडग्याला तेव्हा थोडी इजा झाली. हात चांगले, डोकं चांगलं, जीभ तर फारच चांगली. पाय तेवढे तिचं ऐकत नाहीत. ती चवड्यांवर चालते. गुडघे एकमेकांना घासतात, टाच जमिनीला लागत नाही, आणि थांबायचं झालं तर तिला भिंत लागते किंवा माणूस.

केंद्रातल्या डॉ. नाझनीन बागवान यांनी पहिल्या भेटीत मला हे नीट समजावून सांगितलं होतं. “पोटरीला दोन निरोप मिळावे लागतात, मनवाताई. एक ‘आखड’, एक ‘सैल हो’. हिच्या पोटरीला पहिला वेळेआधी पोचतो आणि दुसरा उशिरा. पायात ताकद नाही असं नाही. वेळ चुकतीय.”

ही चुकलेली वेळ भरून काढण्यासाठी तंतुमोजे निघाले आहेत. दिसायला साधे लांब मोजे. त्यांच्या विणीत केसाहून बारीक कृत्रिम स्नायूंचे धागे असतात, वीज मिळाली की आखडणारे. कातडीवरून ते स्नायूंचे इशारे वाचतात आणि जिथे निरोप चुकला तिथेच, तेवढ्या क्षणापुरती, ओढ देतात. पण ही ओढ प्रत्येक मुलाची वेगळी. म्हणून आधी चाचणी. चाचणीतून संगणकात त्या मुलाच्या पायांचा एक जुळा तयार होतो, तसाच चालणारा, तसाच अडखळणारा. त्या जुळ्याच्या मापाने मोजे विणतात. मदत कमी पडली तर पाय आहे तीच चुकीची सवय घट्ट करतो. जास्त झाली तर स्वतःचं काम विसरतो. सहा ते आठ या वयात मोजे मिळाले तर मेंदू हळूहळू ती वेळ शिकून घेतो, आणि तीनचार वर्षांनी मोजे काढून टाकता येतात. नाही मिळाले तर हाडं वाढत जातात, स्नायू मागे पडतात, आणि दहाव्या-बाराव्या वर्षी गुडघ्यावर शस्त्रक्रिया.

मला हे सगळं कळलं होतं. मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलंय, दूध संघाच्या प्रयोगशाळेत काम करते. तरीही मी अण्णांना थांबवलं नाही. उलट भिंतीवर वेळापत्रक चिकटवायला चिकटपट्टी मीच आणून दिली.

सकाळी शाळेआधी वीस मिनिटं, संध्याकाळी अण्णांचं जेवण उरकल्यावर अर्धा तास. अण्णा सूर्यास्ताच्या आत जेवतात, त्यामुळे वेळ चुकायचा प्रश्नच नव्हता. हॉलच्या शहाबादी फरशीच्या सांध्यावरून रेवूने या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जायचं.

“टाच, मग चवडा. टाच, मग चवडा. घाई नको. उत्तर बरोबर पाहिजे.”

“आज्जा, मला शंभर पडले तर?”

“तर मी मिशी काढून टाकीन.”

“तुला मिशी नाहीच्चे!”

“मग आधी वाढवीन आणि मग काढीन. चल, टाच.”

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघायची. बघणं हा माझा धंदाच आहे म्हणा ना. दुसऱ्या आठवड्यात तिची उजवी टाच टेकायला लागली. तिसऱ्या आठवड्यात डावी. मी फोनवर त्याची चित्रफीत काढून अभिला पाठवली. त्याने पुण्याहून नुसत्या टाळ्या पाठवल्या, ओळीने बारा.

रेवूला बक्षीस कळलेलं होतं. पास झालं की मोजे मिळतात. जांभळे. तिने माहितीपत्रकातलं चित्र कापून दप्तरात ठेवलं होतं.

एकोणीस तारखेला आम्ही तिघं बिनचालकाच्या रिक्षेतून मिरजेच्या रस्त्याला लागलो. अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. रेवूच्या हातात नवी पेन्सिल होती, कुणी दिली विचारलं तर म्हणाली, “पेपर असतो ना.”

केंद्रात बारा मीटरची एक पट्टी होती, खाली दाब मोजणारी जमीन, दोन्ही बाजूंना कॅमेरे. नाझनीन मॅडमनी तिच्या पायांना बटणाएवढ्या चकत्या चिकटवल्या. “बाळा, तुला हवं तसं चाल. काही बरोबर नाही, काही चूक नाही.”

रेवूने माझ्याकडे बघितलं. मग अण्णांकडे. अण्णांनी डोळ्यांनीच खूण केली, टाच.

आणि ती चालली! तशी ती कधीच चालली नव्हती. टाच टेकली, चवडा टेकला, गुडघे लांब राहिले. दोन्ही मुठी आवळलेल्या, ओठ आत ओढलेले. पट्टीच्या टोकाला पोचल्यावर तिने श्वास सोडला. मला तो लांबूनही ऐकू आला. मॅडमनी तिला सहा वेळा चालायला लावलं. सहाही वेळा तसंच.

पडद्यावर अक्षरं उमटली, ‘अभिनंदन!’

“बाबाचं नाव!” रेवू ओरडली.

खाली लिहिलं होतं, गुण ७४. श्रेणी सौम्य. तंतुमोज्यांची आवश्यकता नाही. घरगुती व्यायाम सुचवण्यात येत आहेत.

“चौऱ्याहत्तर!” अण्णांचे डोळे भरले. “फर्स्ट क्लास, रेवू. एका मार्काने डिस्टिंक्शन गेलं, पण असू दे.”

रेवू मॅडमसमोर जाऊन उभी राहिली. खुर्चीचा हात धरून. तिच्या मांड्या थरथरत होत्या. “मी पास झाले ना? मग जांभळे द्या.”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मी पडद्यावरच्या त्या ओळीकडे. ‘आवश्यकता नाही.’

आमच्या दूध संघात नमुने घ्यायला जायचं ते न सांगता जायचं, असा नियम आहे. सांगून गेलं की त्या दिवशीचं दूध कसं छान घट्ट असतं. ही गोष्ट मी नव्या मुलींना पहिल्याच दिवशी शिकवते. आणि माझ्या पोरीचा नमुना मी एकवीस दिवस आधी सांगून, घोटून, निवडून इथे आणला होता.

“मॅडम,” मी म्हटलं, “ही अशी चालत नाही.”

“मला शंका आलीच होती,” त्या म्हणाल्या. “सहा वर्षांचं पोर बारा मीटर श्वास रोखून चालतंय म्हटल्यावर.”

अण्णा खाली बसले. त्यांनी विचारलं, “म्हणजे यात कमी मार्क पाहिजे होते?”

“खरे पाहिजे होते, सर.”

मॅडम कधीकाळी त्यांच्याच वर्गात होत्या, हे मला तेव्हा कळलं.

त्यांनी बावीस तारखेला पुन्हा वेळ दिली. या वर्षीची मोज्यांची यादी एकतीसला बंद होणार होती, पुढची दहा महिन्यांनी. पन्नासच्या आत गुण आले तरच नाव यादीत. घरी येताना रेवूला दाराच्या तीन पायऱ्याही चढवेनात. अण्णांनी तिला उचललं. बासष्टीनंतर त्यांना वजन उचलायला डॉक्टरांची बंदी आहे, पण त्या दिवशी मी काही बोलले नाही.

बावीसला जाण्याआधी मी रेवूला समजावलं, की या चाचणीत जास्त मार्क पडले तर मोजे मिळत नाहीत. आज जरा साधंच चाल, रोजच्यासारखं, नीट नको. हे बोलताना मला वाटलं होतं की मी फार शहाणपणाने सांगतेय.

ती पट्टीवर गेली, आणि एखाद्या मालिकेतल्या घायाळ नायिकेसारखी चालायला लागली. एक पाय ओढत, कमरेवर हात, मधेच “आई गं!” करून कपाळाला हात लावत. पाचव्या पावलाला तिने स्वतःला जमिनीवर टाकलं, नीट जागा बघून. अण्णा हसू दाबायला भिंतीकडे वळले. मॅडमच्या सहायिका तोंडावर कागद धरून बाहेर गेल्या.

पडद्यावर आकडा आलाच नाही. ‘नोंद विसंगत. चाल अनैसर्गिक.’

“कमी पडले ना?” रेवूने झोपल्या झोपल्याच विचारलं.

“फारच कमी पडले बाळा,” मॅडम म्हणाल्या. मग मला बाजूला घेतलं. “आता तिला चाचणी कळली, मनवाताई. इथे आता ती खरी चालणार नाही. घरी मापू.”

त्यांनी रेवूच्या घोट्यांसाठी दोन पातळ कडी दिली. सात दिवस सतत घालायची, तेवीस ते एकोणतीस. कडी पावलं मोजतात, टाच-चवड्याचा क्रम मोजतात, आणि मोठी माणसं किती जवळ आहेत त्याचीही नोंद ठेवतात. त्यासाठी एकेक कडं मला आणि अण्णांनाही मनगटात घालायचं होतं. अण्णांनी वेळापत्रक भिंतीवरून काढलं आणि घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं. घरात टाच हा शब्द काढायचा नाही असं आमचं ठरलं.

दोन दिवस गेले. पंचवीसला दुपारी मॅडमचा फोन आला, एकट्याच या म्हणाल्या.

पडद्यावर दोन रेघा होत्या, एक निळी, एक लाल. एकाच पायाच्या. निळी रेघ सरळ, ताठ, जवळजवळ त्या दिवशीच्या चौऱ्याहत्तरसारखी. लाल रेघ नुसती खालीवर, अडखळत गेलेली.

“ही दोन मुलं नाहीत,” मॅडम म्हणाल्या. “दोन्ही रेवतीच आहे. सकाळी सात ते नऊ निळी. दुपारभर लाल. संध्याकाळी सहाला पुन्हा निळी. मला आधी वाटलं, थकवा असेल. पण थकल्यावर चाल बिघडते, सुधारत नाही.”

सहाला मी कामावरून घरी येते.

“सर घरात असले तर तिची चाल बदलत नाही,” मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. “तुम्ही खोलीत असलात की बदलते.”

अण्णांनी घोटून घेतलं, वेळापत्रक अण्णांचं, टाच-टाच अण्णा करत होते. मी नुसती दारात उभी होते. बघत होते.

“मी नसले तर चालेल का? चार दिवस माहेरी जाते. इस्लामपूर काही लांब नाही.”

“नाही चालणार. मोजे घालून ती तुमच्याच घरात वावरणार आहे, तुमच्यासमोर. तुम्ही असताना ती कशी चालते तेच तर आपल्याला खरं पाहिजे. असंच राहिलं तर यंत्र दोन्हींची सरासरी काढेल. छप्पन्न-सत्तावन्न येईल.” त्यांनी पडदा बंद केला. “पहिले चार दिवस मला वगळता येतात. शेवटचे तीन नाहीत.”

घरी आले तर रेवू हॉलमध्ये पालथी पडून चित्र काढत होती. मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले.

“रेवू, मी घरी आले की तू वेगळी चालतेस का गं?”

“हो.” जणू मी तिला भात खातेस का विचारलं होतं.

“का?”

तिने खडू खाली ठेवला. “तुझं तोंड असं होतं.” आणि तिने करून दाखवलं. भुवया जवळ, डोळे खाली पायांवर रोखलेले, खालचा ओठ दातात. सहा वर्षांच्या त्या गोल चेहऱ्यावर मला मी दिसले, अगदी हुबेहूब. “मग मी टाच टेकवते. मग ते जातं.”

“दुखतं का टाच टेकवताना?”

“थोडंसं.” तिने परत खडू घेतला. “पण तुझं तोंड जातं ना.”

मी उठून मोरीत गेले आणि नळ सोडला.

बाहेर आले तेव्हा अण्णा चहा करत होते. ते चहा करतात तेव्हा त्यांना काही बोलायचं असतं.

“मॅडमनी सांगितलं मला फोनवर,” त्यांनी गाळणी धरली. “मला आपलं वाटत होतं सगळी चूक माझी.”

“तुमची पण आहे.”

“आहेच. तिला चाचणी शब्द मी लावून दिला.” त्यांनी कप माझ्यापुढे सरकवला. “एक सांगू? परीक्षेच्या हॉलमध्ये मी कधी पोरांच्या मागे उभा राहिलो नाही. मागे उभं राहिलं की येत असलेलं गणितही चुकतं. मी आपला खिडकीतून बाहेर बघत बसायचो. हेडमास्तर ओरडायचे, मगदूम, पोरं कॉपी करतात. करायची, दोन-चार जण. पण बाकीच्यांचे हात मोकळे चालायचे.”

“मला नाही जमायचं अण्णा. मी नाही बघितलं आणि ती पडली तर?”

“पडेल की,” ते म्हणाले. “दुपारी पडतेच. तुला कुठे माहीत असतं?”

मी कप खाली ठेवला. “रोज?”

“दोनदा तरी. उठते आपली आपण. तुला सांगायचं नाही असं तिनेच बजावलंय मला.”

मी चार दिवसांची रजा टाकली. सकाळी हॉलमध्ये खिडकीकडे तोंड करून, रेवूकडे पाठ करून बसायला लागले. पहिल्या दिवशी मेथी निवडली. इतकी निवडली की शेवटी रेवू मागून डोकावून म्हणाली, “आई, तू पानं टाकतेस आणि देठ ठेवतेस.”

न बघणं म्हणजे डोळे दुसरीकडे ठेवणं एवढंच असेल असं मला वाटलं होतं. तसं नव्हतं. माझी पाठच बघत होती. खांदे ताठ, मान आखडलेली. रेवूला ते मागूनही दिसत असणार, कारण पहिल्या दिवशी संध्याकाळी मॅडमनी निरोप पाठवला, अजून निळीच.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी माझ्यापुढे एक जुनी परडी ठेवली, तीत बटणं, हुक, गुंता झालेले दोरे. “हे सोडव. हे सोडवताना दुसरं काही सुचत नाही माणसाला.” मी पांढरा दोरा काळ्यातून काढत बसले. तासाभराने केव्हातरी माझ्या लक्षात आलं, की बराच वेळ मागे एक आवाज येतोय. खस्स, टप्. खस्स, टप्. खस्स, खस्स, टप्.

ही रेवू चालत होती.

सहा वर्षांत मी तिचं चालणं ऐकलंच नव्हतं. दरवेळी पायांवर डोळे लावून बसल्यावर कान कुठे उरतात? खस्स म्हणजे घासलेला उजवा चवडा. टप् म्हणजे डावा, जरा जोरात पडणारा. मधे थांबली की भिंतीवर तळहाताची थाप. आणि या सगळ्याच्या वर ती गुणगुणत होती. शाळेतला पाढा, कसल्यातरी चालीवर. चालताना ती गुणगुणते हे मला माहीतच नव्हतं. माझ्यासमोर ती श्वास धरून चालायची.

संध्याकाळी निरोप आला. लाल.

तिसऱ्या दिवशी दुपारी खस्स-टप् चालू असतानाच एकदम धप्प आवाज झाला आणि स्टीलची वाटी फरशीवर गोल फिरत गेली. माझे दोन्ही हात जमिनीवर टेकले गेले, उठायला. आतल्या खोलीतून अण्णा खोकले. त्यांना खोकला झालेला नव्हता.

वाटी फिरून फिरून थांबली.

“आई, मी पडले.”

“हं.”

“तुला कळलं?”

“ऐकलं.”

“बघितलं नाहीस ना?”

“नाही.”

माझ्या बोटांत दोरा रुतला होता. रडेल, मला वाटलं, आता हाक मारेल, आणि मारली तर मी जाणार, यादी गेली खड्ड्यात. मग तळहाताची थाप ऐकू आली, भिंतीवर एक, जरा वर दुसरी. एक लांब हुंकार, जडशी पिशवी उचलताना बायका काढतात तसा.

“मग बरं,” ती म्हणाली. खस्स, टप्.

त्या दिवशी मी सगळे पांढरे दोरे सोडवले.

एकोणतीसला सायंकाळी सहा वाजता कडी काढायची होती. अण्णांनी ती रेवूच्या घोट्यांवरून सोडवली, डबीत ठेवली आणि डबी टेबलावर ठेवून समोर बसून राहिले. निकालाच्या दिवशी पोरांचे आईबाप शाळेच्या व्हरांड्यात बसतात तसे. सातच्या आत मॅडमचा फोन आला. अण्णांनी मोठा आवाज लावला.

“एकतीस,” मॅडम म्हणाल्या. “शेवटचे तीनही दिवस एकसारखी नोंद आहे. मनवाताई, तिचा जुळा तयार झाला. आता उद्या यादीत नाव, आणि सोमवारी मोजे विणायला टाकते. पावसाळ्याआधी हातात येतील.”

“पायात,” रेवू म्हणाली.

“पायात, पायात. रंग कुठला?”

हे काय विचारणं झालं, अशा चेहऱ्याने रेवूने आमच्याकडे पाहिलं. फोन ठेवल्यावर तिने अण्णांचा गुडघा धरला. “आज्जा, एकतीस म्हणजे नापास?”

अण्णा चष्मा पुसत होते. “तेहतीस वर्षं पेपर तपासले मी, रेवू. इतका खरा आकडा एकाही पेपरावर घातला नाही.”

“पण नापास?”

“हो. साफ नापास. झकास नापास!”

ती हसत सुटली. मी खिडकीकडे तोंड करूनच होते. चार दिवसांत अंगवळणीच पडलं होतं, आणि शिवाय मला डोळे पुसायचे होते. अभिला फोन लावला, त्याला एकतीस सांगितलं, तो पुण्यात रस्त्यातच ओरडला. त्याचं बोलणं चालू असताना मागे खस्स-टप् आत गेलं, स्वयंपाकघरात काहीतरी खडखडलं, नळ सुटला आणि बंद झाला.

“आई.”

“काय गं?”

“आता बघितलं तरी चालतं.”

मी वळले. स्वयंपाकघराच्या दारात ती दोन्ही हातांत पाण्याचा पेला धरून उभी होती, काठोकाठ भरलेला. भिंत धरायला हात मोकळा नव्हता. अण्णा खुर्चीतून अर्धे उठले आणि परत बसले.

ती निघाली. चवड्यांवर, गुडघे एकमेकांना घासत, उजवा पाय आत वळवून. दर पावलाला पाणी उसळून तिच्या मनगटावरून, फ्रॉकवर, फरशीवर. मधोमध एकदा ती पार एका बाजूला गेली, मग कशीतरी स्वतःच्या जिभेवर तोल धरल्यासारखी जीभ बाहेर काढून सरळ झाली. मी सगळं बघितलं. पाय बघितले, ओला फ्रॉक बघितला, जीभ बघितली.

माझ्यापाशी पोचली तेव्हा पेल्यात चार घोट पाणी उरलं होतं.

“पी.”

मी प्यायले. तिचं माझ्या तोंडाकडे लक्षच नव्हतं. ती वाकून पेल्याच्या तळाकडे बघत होती, मी सगळं संपवते की नाही ते.